पालेभाजीतले फ्लेव्होनॉइड्स: ताटातले आणि डबीतले

चाफेकळी

गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते आधी सांगते, माझे प्रश्न त्यातूनच निघालेत.

सासरे ७४ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे आणि दर महिन्याला आयएनआर तपासतो, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. आकडा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलाय, आणि तो बहुतेक वेळा तिथेच असतो. या वेळी १.७ आला. गोळी एकदाही चुकलेली नव्हती, आठवड्याची डबी मी स्वतः भरते. मग सासूबाईंच्या लक्षात आलं की वन्संनी आणून दिलेली शेवग्याच्या पाल्याची पावडर ते रोज सकाळी ताकातून घेतायत, दोन मोठे चमचे. डबीवर लिहिलंय, 'फ्लेव्होनॉइड्सनी समृद्ध, हृदयासाठी उत्तम'. वन्संनी मायेने आणली, त्यांनी विश्वासाने घेतली. डॉक्टरांनी पावडर थांबवली आणि गोळीचा डोस थोडा वाढवला.

पण तेव्हापासून सासऱ्यांनी पालेभाजीच सोडली. सासूबाई गेली पन्नास वर्षं रोज एक पालेभाजी करतात. चुका, चाकवत, तांदुळजा, अंबाडी, जे बाजारात येईल ते. आता ताटात नुसता दुधी आणि बटाटा. परवा मेथीची जुडी निवडता निवडता मला म्हणाल्या, "अगं, मी इतकी वर्षं ह्यांना विषच घालत होते का?" मला काही उत्तर देता आलं नाही.

म्हणून विचारते. हे फ्लेव्होनॉइड्स नक्की काय असतात? पालेभाजीतून मिळतात त्यांचा खरंच उपयोग होतो का? आणि सासऱ्यांनी पालेभाजी खावी की नाही?

ओंजळ

चाफेकळी, पहिल्यांदा सासूबाईंना सांगा की त्यांनी विष घातलेलं नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि 'पालेभाजी बंद' हे वाक्य मला दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल या जुन्या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करतात. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के लागतं. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा वापरात आणतं, गोळी नेमकी तिथे अडवते. गडद हिरव्या पाल्यात के भरपूर असतं. धातूची झडप असलेल्यांना याच गोळ्या द्याव्या लागतात, नव्या प्रकारच्या त्यांना चालत नाहीत.

आता महत्त्वाचं. डॉक्टर डोस ठरवतात तो माणसाच्या नेहमीच्या जेवणावर. तुमचे सासरे तीन वर्षं रोज पालेभाजी खात होते आणि आकडा जागेवर होता, म्हणजे डोस त्या भाजीसकट बसलेला होता. बिघडवलं ते वरून आलेल्या पावडरीने. ताज्या पाल्यात पाऊण हिस्सा पाणीच असतं, त्यामुळे सुक्या पावडरीचे दोन मोठे चमचे म्हणजे चांगला मूठभराहून जास्त पाला, तोही रोज, नेहमीच्या भाजीखेरीज. इथे फ्लेव्होनॉइड्सना दोष देऊ नका, के जीवनसत्त्वाचा हिशोब चुकला.

आणि मला काळजी वाटते ती पुढची. डोस वाढवलाय आणि भाजीही सोडलीय. दोन्ही गोष्टी आकडा एकाच दिशेला ढकलतात, वर. पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना फोन करून सांगा की जेवणातली पालेभाजी पूर्ण बंद झालीय, आणि लवकर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी, यातलं काही दिसलं तर लगेच गाठा.

चाफेकळी

हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजच फोन करते.

प्रयोगवही

ओंजळताईंनी तातडीचं सांगितलंय, मी पहिल्या प्रश्नाकडे वळते. मी अन्नशास्त्र शिकवते आणि हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

'फ्लेव्हस' म्हणजे लॅटिनमध्ये पिवळा. त्यावरून हे नाव आलं. रंगपंचमीला पळसाची फुलं उकळून जो केशरी-पिवळा रंग काढतात तो याच कुळातल्या द्रव्यांचा. कांद्याच्या सालीने कापड पिवळं होतं तेही यांच्यामुळेच. दोन वर्तुळं आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा दुवा, असा यांचा सांगाडा. त्यावर कुठे काय चिकटलंय त्यावरून हजारो प्रकार होतात. हिरव्या पाल्यात मुख्यतः फ्लेव्होनॉल्स असतात. त्यातलं क्वेरसेटिन आणि केम्फेरॉल ही दोन नावं लक्षात ठेवली तरी पुष्कळ. शेवग्याच्या पाल्यात ही दोन्ही भरपूर आहेत, डबीवरचा तेवढा भाग खोटा नाही. अजमोदा आणि पार्सलीत एपिजेनिन आणि ल्युटिओलिन मिळतात. पालकात तर पॅट्युलेटिन आणि स्पिनासेटिन अशी खास द्रव्यं आहेत, ती इतर भाज्यांत क्वचित सापडतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. ल्युटिओलिन हे फ्लेव्होनॉइड आहे, आणि ल्युटीन, जे डोळ्यांसाठी म्हणून सांगतात, ते वेगळं. ते कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराच्या बीटा-कॅरोटीनचं भावंडं. जाहिरातीत दोन्हींची खिचडी केलेली मी पाहिलीय.

झाड ही द्रव्यं स्वतःसाठी बनवतं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पानाचा बचाव हे त्यांचं एक मोठं काम. म्हणून उघड्यावर, कडक उन्हात वाढलेल्या पानात ती जास्त आणि आच्छादनाखालच्या पानात कमी असतात. कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांत आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा जास्त मिळतात, कांद्याच्या बाहेरच्या थरांत आतल्यापेक्षा जास्त. आपण नेमका तोच भाग सोलून टाकतो.

एके काळी यांना जीवनसत्त्वही म्हटलं गेलं. सी जीवनसत्त्वावरच्या कामासाठी ज्यांना १९३७ चं नोबेल मिळालं त्या सेंट-ग्योर्गी यांनी १९३६ मध्ये लिंबाच्या सालीतल्या फ्लेव्होनॉइड्सना 'पी जीवनसत्त्व' असं नाव दिलं. केशवाहिन्यांचा नाजूकपणा त्याने कमी होतो असं त्यांना दिसलं होतं. पुढे ते नाव मागे घेतलं गेलं, कारण फ्लेव्होनॉइड्स न मिळाल्याने अमुक आजार होतो असं दाखवता आलं नाही. सी मिळालं नाही की स्कर्व्ही होतो, तसं इथे काही नाही. तेव्हा यांच्यावाचून माणूस आजारी पडतो असं म्हणता येणार नाही. दीर्घकाळ खाल्ल्याने काही फायदा होतो का, एवढाच प्रश्न उरतो.

सह्यकडा

आणि त्या प्रश्नाचं उत्तर काय? कारण 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. माझ्या आईचा मधुमेह पंचवीस वर्षांचा आहे. तिच्यासाठी लोकांनी आणलेल्या हिरव्या पावडरींनी एक फळी भरलीय. प्रत्येक डबीवर काहीतरी आकडा. मला माणसांवरचा पुरावा हवाय, परीक्षानळीतला नको.

प्रयोगवही

रास्त मागणी आहे. परीक्षानळीपासूनच सुरुवात करते, कारण घोळ तिथेच झाला.

नळीत टाकलं की क्वेरसेटिन झकास अँटिऑक्सिडंट ठरतं, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी झीज (ऑक्सिडेशन) रोखतं. पण आपण भाजी खातो तेव्हा ते पानात साखरेला जोडलेलं असतं. लहान आतड्यातली विकरं ती साखर तोडतात, थोडं शोषलं जातं, आणि आतड्याच्या भिंतीतून व यकृतातून जाताना शरीर त्याला गंधक वगैरे चिकटवून बाहेर टाकायची तयारी करतं. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जीवाणू त्याचे तुकडे करतात. रक्तात शेवटी जे पोचतं ते अत्यल्प, आणि त्याचं रूपही पालटलेलं. तेवढ्यावर सगळ्या रक्ताचं 'ऑक्सिडेशन' थांबेल हे गणित बसत नाही. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद वाढलेली मोजली गेली होती. नीट पाहिल्यावर कळलं की ती वाढ फळसाखरेमुळे चढलेल्या युरिक आम्लाची होती. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढूनच टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास वापरत होते. आईंच्या डब्यांवर असले आकडे असतील तर त्यांना काही अर्थ नाही.

आता माणसांकडे. १९९३ मध्ये नेदरलँड्सच्या झुत्फेन गावातला अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ ते ८४ वयाचे ८०५ पुरुष, पाच वर्षं पाठपुरावा. ज्यांच्या जेवणात फ्लेव्होनॉइड्स जास्त त्यांच्यात हृदयविकाराने झालेले मृत्यू निम्म्याहून कमी. गंमत अशी की ती त्यांना मिळत होती मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंदातून, सरासरी दिवसाला २६ मिलिग्रॅमच्या आसपास. २०१९ मध्ये डेन्मार्कचा फार मोठा अभ्यास आला. ५६,०४८ माणसं, २३ वर्षं. फ्लेव्होनॉइड्स वाढत गेली तसे मृत्यू कमी होत गेले, पण दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास ही घट थांबली. त्याहून जास्त खाऊन आणखी फायदा दिसला नाही. धूम्रपान आणि जास्त मद्यपान करणाऱ्यांत हा संबंध अधिक ठळक होता.

हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. पालेभाजी, फळं, चहा घेणारी माणसं इतरही बाबतीत जपून वागणारी असू शकतात. आणि पालेभाजी हे गाठोडं असतं: फोलेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम, नायट्रेट, तंतू, ल्युटीन आणि फ्लेव्होनॉइड्स, सगळं एकाच देठावर. फायद्याचं श्रेय त्यातल्या एकाच्याच नावावर टाकता येत नाही.

नुसता अर्क देऊन पाहिलं तेव्हा चित्र फिकट होतं. कोकोतली फ्लेव्हॅनॉल्स (पाल्यातल्या फ्लेव्होनॉल्सहून वेगळी, पण फ्लेव्होनॉइड्सच) रोज ५०० मिलिग्रॅम देऊन २१,४४२ माणसांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावा असा फरक पडला नाही, हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र कमी दिसले. क्वेरसेटिनच्या मोठ्या मात्रांनी रक्तदाब थोडासा उतरतो असं छोट्या चाचण्या दाखवतात. एवढ्यावर कुणाची रक्तदाबाची गोळी बंद करणं हा गुन्हा ठरेल.

आणि 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' असं म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडचं उदाहरण देते. ते फ्लेव्होनॉइड्सचं नाही, बीटा-कॅरोटीनचं आहे, पण धडा तोच. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेली चाचणी १९९४ मध्ये आली. भाज्यांतून बीटा-कॅरोटीन खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो म्हणून काहींना त्याची गोळी दिली, तर कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. ग्रीन टीच्या अर्काबद्दलही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की त्यातलं मुख्य कॅटेचिन (हेही एक फ्लेव्होनॉइड) गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसतात. कपातला चहा वेगळा आणि गोळी वेगळी.

माझं मत विचाराल तर पालेभाजीवर माझा पूर्ण भरवसा आहे, डबीवर नाही.

सह्यकडा

धन्यवाद. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. फळी आज रिकामी करतो आणि आईला मेथी आणून देतो.

शेतबांध

जुन्नर भागात आमची बागायत आहे, मेथी-कोथिंबीर-शेपू बाराही महिने निघतो. प्रयोगवही यांनी उन्हाचं सांगितलं ते आम्हाला रोज दिसतं. शेडनेटमधली कोथिंबीर लुसलुशीत आणि फिकट, उघड्यावरची बुटकी, काळपट हिरवी आणि वासाला दणदणीत. बाजारात भाव मात्र लुसलुशीतला. गिऱ्हाईक हिरव्याकंच उंच जुडीला हात घालतं आणि बुटकी मागे पडते. शहरातल्या मंडळींनी निदान हे वाचून तरी बुटक्या जुडीला नाकं मुरडू नयेत.

माझी शंका: तांबडा माठ. त्याचा लाल रंग भातालासुद्धा लागतो. जांभळात, काळ्या द्राक्षात असतं तेच अँथोसायनिन ना हे? म्हणजे हिरव्या माठापेक्षा तांबड्यात फ्लेव्होनॉइड्स जास्त, असं आमच्याकडे सगळे सांगतात.

प्रयोगवही

शेतबांध, प्रश्न वाचून आनंद झाला, कारण माझ्या वर्गात दर वर्षी यावरच सगळे अडतात. माठाचा लाल रंग अँथोसायनिन नाही! तो बीटालेन नावाच्या अगदी वेगळ्या कुळातला. बीटाचा रंग ज्याने येतो तेच कूळ, त्यात नायट्रोजन असतो. माठ, राजगिरा, पालक, चाकवत, घोळ, मायाळू, कुर्डू हे सगळे वनस्पतींच्या एकाच मोठ्या गणातले. त्या गणातली बहुतेक झाडं लाल-जांभळा रंग बीटालेननेच बनवतात, आणि ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन सापडत नाही. दोन्ही रंग एकाच झाडात आजवर कुणाला मिळालेले नाहीत. मायाळूच्या पिकल्या फळाने बोटं जांभळी होतात तोही बीटालेनच.

घरी पाहायचं असेल तर तांबड्या माठाचं लाल पाणी एका वाटीत आणि जांभळाचं किंवा लाल कोबीचं पाणी दुसऱ्या वाटीत घ्या. दोन्हींत चिमूटभर खायचा सोडा टाका. कोबीचं पाणी निळं-हिरवं होईल, माठाचं तसं पालटणार नाही.

फ्लेव्होनॉइड्स माठात आहेतच, क्वेरसेटिनच्या जातीची, पण ती आपल्याला दिसत नाहीत. फिकट पिवळी असल्यामुळे हरितद्रव्याखाली झाकली जातात. तांबडा माठ खाच, फक्त 'लाल म्हणून जास्त' हे कारण सोडा.

नाचणी

माझा प्रश्न स्वयंपाकाचा आहे. आमच्याकडे पालक उकडून, पाणी ओतून, मग वाटतात. हिरवा रंग राहावा म्हणून सोडाही टाकतात. हे बरोबर की चूक? शिवाय मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, लोह वाढावं म्हणून तिला रोज पालेभाजी देतेय.

प्रयोगवही

सोडा आजपासून बंद करा. रंग छान राहतो हे खरं, पण सी जीवनसत्त्व आणि थायमिन नासतं, फ्लेव्होनॉइड्सही आम्लारीत टिकत नाहीत. रंगासाठी आपल्या आज्यांची युक्ती चांगली होती: पालेभाजी शिजताना झाकण ठेवायचं नाही. पानातली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात, झाकण असलं की तीच परत भाजीत पडून ती शेवाळी काळपट होते.

फ्लेव्होनॉल्स साखरेला जोडलेली असल्यामुळे पाण्यात उतरतात. उकडून पाणी ओतलं की त्यांचा मोठा वाटा मोरीत गेला. म्हणून धुऊन मग चिरा, चिरून धुऊ नका. कमी पाण्यात परता किंवा पाणी भाजीतच जिरवा. पातळभाजी, गरगट्टं, डाळमेथी, ताकातला चाकवत यांत काहीच वाया जात नाही. आणि मेथीचा घोळाणा! कोवळी मेथी, कच्चा कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, वरून कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकरी. क्वेरसेटिनचे दोन दोन स्रोत एका ताटलीत, शिजवून काही गेलेलं नाही. फक्त पानं तीन पाण्यांतून चांगली धुवा, माती आणि जंतू दोन्हींसाठी.

पण एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक, माठ, राजगिरा, चुका यांतलं ऑक्झलेट जपायला हवं. ते पाण्यात उतरतं, त्यामुळे त्यांनी उकडून पाणी टाकणंच योग्य. तुमच्या घरी ही पद्धत कुणाच्या मुतखड्यामुळे सुरू झाली असेल तर ती बदलू नका. ताक-दह्याबरोबर खाल्लं तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. मेथीत ऑक्झलेट पालकापेक्षा बरंच कमी.

ओंजळ

नाचणी, लोहाबद्दल मी सांगते. पालेभाजीतलं लोह शरीर कमी प्रमाणात शोषतं, आणि पॉलिफेनॉल्स, ज्यात फ्लेव्होनॉइड्सही आले, लोहाला धरून ठेवून ते शोषण आणखी कमी करतात. ज्याला आपण एका बाजूने गुण म्हणतो तेच इथे आडवं येतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे जेवताना भाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा, पेरू द्या. चहा जेवणाबरोबर आणि लगेच नंतर नको, किमान एक तास जाऊ द्या. पण ९.८ हा आकडा नुसत्या भाजीने वर येणारा नाही. डॉक्टरांना दाखवा, कारण शोधा, लोहाची गोळी सांगितली तर द्या. भाजी ही गोळीच्या जोडीला.

किती खावं असं मला नेहमी विचारतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास पालेभाजी सांगितलीय, कच्ची, निवडलेली. शिजल्यावर ती लहान वाटीभर होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पोटॅशियममुळे आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

तळकोकणी

शेवग्याचं नाव निघालं आणि इतका वेळ कुणी शेगलाची भाजी म्हणालं नाही! आमच्या सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ हवीच. गोव्यात शेवग्याला मस्कासांग म्हणतात. परसात झाड असतंच, पावसात पाला कोवळा असतो, पैसे पडत नाहीत. तोच पाला सुकवून, दळून, डबीत भरून महाग विकतात आणि आपण तिथे जाऊन घेतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

श्रावणात आमच्याकडे एक भाजी सलग दोन दिवस होत नाही. टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी, अळू, शेगूल. आई सांगायची, प्रत्येक पाल्याचा दिवस वेगळा. प्रयोगवही, याला तुमच्या शास्त्रात काही आधार?

प्रयोगवही

आहे. प्रत्येक पाल्यातली द्रव्यं वेगळी आणि त्यांचे त्रासही वेगळे. पालकात ऑक्झलेट, अळूत सुयांसारखे खाजरे स्फटिक. फिरवून खाल्लं की गुण सगळ्यांचे मिळतात आणि कुठलाच एक दोष साचत नाही. शिवाय फ्लेव्होनॉइड्स शरीरात साठून राहत नाहीत, एखाद्या दिवसात निघून जातात. महिन्यातून एकदा भरपूर खाण्यापेक्षा रोज थोडं खाणं यासाठीच बरं. रानभाज्या मात्र ओळखणाऱ्याकडूनच घ्या. दर पावसाळ्यात चुकीचा पाला खाऊन माणसं रुग्णालयात जातात.

मिशिगनकर

इथे हिवाळ्यात गोठवलेल्या मेथीच्या पाकिटावर भागवतो. उन्हाळ्यात अंगणातल्या वाफ्यात शेपू आणि मेथी पेरतो. केल नावाच्या इथल्या पाल्याची मुगाची डाळ घालून परतून भाजी केली तर मुलं आवडीने खातात, लसणाची फोडणी तेवढी सढळ हवी. गोठवलेल्या मेथीत काही उरतं का?

प्रयोगवही

बरंच उरतं. गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढतात तेव्हा थोडं जातं, पुढे थंडीत टिकून राहतं. आठवडाभर फ्रीजमध्ये मलूल झालेल्या जुडीपेक्षा ते पाकीट बरं. वितळवून पाणी पिळून टाकू नका, थेट कढईत घाला.

चाफेकळी

सगळ्यांना कळवायला आले. ओंजळताई, तुमचे उपकार कसे फेडू? त्या दिवशी फोन केला, डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. आयएनआर ४.१! ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, सासऱ्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. डोस पूर्वीसारखा केला. डॉक्टरांना विचारून पालेभाजी पुन्हा सुरू केलीय, रोज दुपारी एक ठरलेली वाटी. सासूबाईंनी त्यासाठी एक लहान स्टीलची वाटी वेगळी काढून ठेवलीय, ती दुसऱ्या कशाला वापरू देत नाहीत. कधी मेथी, कधी चाकवत, कधी माठ, माप तेच. गेले तीन आठवडे दर आठवड्याला तपासलं: ३.४, २.९, २.८.

आणखी एक विचारायचं होतं, भाजी उकडून पाणी टाकलं तर के निघून जाईल का?

ओंजळ

२.८ वाचून खूप बरं वाटलं. नाही, के पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. पाणी टाकून के तिथेच राहील आणि बाकीचं चांगलं मात्र जाईल. वाटीचं माप सांभाळणं हाच खरा उपाय, आणि तो सासूबाईंनी आपल्या आपण शोधून काढलाय. नवीन काही सुरू करायचं झालं, अगदी काढा किंवा पावडर, तर आधी डॉक्टरांना सांगायचं एवढं सासऱ्यांना पटवून द्या. हिरड्यांतून रक्त आलं तर लपवायचं नाही हेही.

चाफेकळी

पटलंय त्यांना. पावडरीची डबी आता त्यांनी स्वतःच वन्संना दाखवून सगळं समजावलं, रागावले नाहीत. वन्सं रडल्या थोड्या.

तळकोकणी, परवा गोकुळाष्टमी. शेजारच्या काकूंनी शेवग्याच्या चार फांद्या दिल्यात. सासऱ्यांच्या वाटीचं माप मोडणार नाही, त्या दिवशी त्या वाटीत शेगूल. पण पाला निवडायला बसलो तर दोन तास जातील असं दिसतंय. काही युक्ती आहे का? आणि भाजीत काय काय घालता?

तळकोकणी

निवडत बसू नका! फांद्या पुसून कोरड्या करा, जुन्या सुती लुगड्यात घट्ट गुंडाळा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी कापड झटकलं की पानं आपोआप गळून पडतात, काड्या तेवढ्या वेचून काढायच्या. पाला चिरायचा नाही. तेलात कांदा आणि हिरवी मिरची परता, भिजवलेली मूगडाळ थोडी, फणसाच्या आठळ्या साठवलेल्या असतील तर उकडून ठेचून घाला. मग पाला, पाण्याचा नुसता हबका, झाकण नको. मीठ शेवटी, कारण पाला बसतो आणि आधी घातलं तर खारट होते. उतरवताना ओलं खोबरं.

चाफेकळी

सासूबाईंनी त्यांचं नऊवारी काढलंय ट्रंकेतून. फांद्या गुंडाळून देवघराशेजारी ठेवल्यात. सासरे मगाशी दोनदा उघडून बघून आले, गळला का पाला म्हणून.